आपल्या वजनानं

चार रायफली आल्या होत्या. त्यांतल्या दोन मला दाखवण्यासाठीच बनवलेल्या आहेत, हे खोकं उघडल्या उघडल्या कळलं. वरच्या आणि खालच्या भागाच्या ॲनोडायझिंगची काळी छटा तंतोतंत जुळलेली, स्क्रूंच्या खाचांवर पान्याचा एक ओरखडा नाही, चाप कुठे न अडकता आणि न रेंगाळता सुटणारा. उरलेल्या दोन मी हट्टानं मागवल्या होत्या. गिऱ्हाइकांसाठी तयार होऊन पाठवणीच्या कपाटात उभ्या असलेल्या रायफलींची यादी मागितली आणि तिच्यातले दोन अनुक्रमांक मी निवडून कळवले. कंपनीच्या माणसाला ते आवडलं नव्हतं. त्याचा आवाज फोनवर जरा उतरला.

मला त्याचं वाईट वाटलं, पण हट्ट सोडला नाही. नमुना बनवणारा माणूस नमुन्यावर जीव ओततो. त्यात खोटेपणा काही नसतो. पाहुणे येणार म्हटलं की आपणही घर आवरतो. मला मात्र ते घर रोज कसं असतं ते बघायचं असतं.

आमचं दुकान ॲरिझोनात, फिनिक्सच्या उत्तरेला आहे. वस्ती संपत जाते आणि सग्वारो निवडुंग सुरू होतात, तिथे. पुढे विक्री, मागे तीन बाकांची कार्यशाळा. माझं काम मागच्या बाजूला. एखादी नवी कंपनी ‘आमचा माल ठेवा’ म्हणून आली की तिच्या रायफली, बॅरल, बोल्ट माझ्या बाकावर येतात, आणि ठेवायच्या की नाही ते मी लेखी सांगायचं असतं.

इतक्या लहान लहान कंपन्या निघतात कशा, असं पुण्याहून फोन करणारे नातेवाईक विचारतात. त्याचं उत्तर या एआर-१५ जातीच्या रायफलीच्या जन्मातच आहे. १९५०च्या दशकात कॅलिफोर्नियात आर्मालाइट ही फेअरचाइल्ड या विमान कंपनीची छोटीशी शाखा होती. तिथे यूजीन स्टोनर यांनी विमानातलं ॲल्युमिनियम बंदुकीत आणलं. ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल. १९५९ मध्ये कोल्टनं हक्क विकत घेतले. लष्कराची एम-१६ त्यातूनच आली, आणि नागरी बाजारासाठी सेमी-ऑटोमॅटिक एआर-१५. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटते, रिकामं कवच बाहेर फेकलं जातं आणि पुढचं काडतूस आपोआप चेंबरमध्ये येऊन बसतं, एवढाच सेमी-ऑटोमॅटिकचा अर्थ. १९७७ मध्ये स्टोनर यांच्या मूळ पेटंटची मुदत संपली आणि रचना सगळ्यांना मोकळी झाली. १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं या जातीच्या बऱ्याच रायफलींवर केंद्रीय बंदी होती. ती सरली आणि कंपन्यांचं पीक आलं.

शिवाय ही रायफल सुट्या भागांची आहे. दोन पिना काढल्या की तिचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे होतात. अनुक्रमांक असतो तो खालच्या तुकड्यावर, म्हणजे लोअरवर. कायद्याच्या दृष्टीनं बंदूक म्हणजे तेवढाच तुकडा. बॅरल, बोल्ट, हँडगार्ड हे सगळं इतर कुठल्याही यंत्राच्या सुट्या भागांसारखं टपालानं येतं. ॲल्युमिनियमच्या कच्च्या घडाया मोजकेच कारखाने काढतात. वेगवेगळी नावं कोरलेल्या, किमतीत दुपटीचा फरक असलेल्या दोन लोअरवर घडाई करणाऱ्याची एकच बारीक खूण मी कितीदा पाहिली आहे. म्हणून नव्या कंपनीला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही काय बनवता, आणि काय विकत घेता? विकत घेण्यात कमीपणा नाही. चांगलं निवडून नीट जोडणं हीसुद्धा कारागिरीच आहे. कमीपणा आहे तो गोलमोल उत्तर देण्यात.

या कंपनीनं सरळ उत्तर दिलं होतं. कंपनी म्हणजे नवरा-बायको. तो पूर्वी विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात सीएनसी चालवायचा. बायको हिशेब, परवाना आणि आवक-जावक वही सांभाळायची. घरामागच्या शेडमध्ये दोन यंत्रं. हँडगार्ड पूर्णपणे त्याचे. बॅरलची आटे पाडलेली नळी बाहेरून आणलेली, पण तिच्यात चेंबर कापायचा तो स्वतः. बोल्ट आणि चाप-संच विकत घेतलेले. वर्षाला पन्नासच्या आत बंदुका बनवणाऱ्याला इथला ११ टक्के केंद्रीय अबकारी कर द्यावा लागत नाही. पहिल्या वर्षी ते त्या मर्यादेत होते, आता ती ओलांडायची तर आमच्यासारख्या दुकानाचा आधार हवा होता. माझ्या बाकावर त्या दोघांचं पुढचं वर्ष पडलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं.

मी मूळची पुण्याची. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. १८६९ मध्ये सुरू झालेला तो कारखाना. आम्ही भोंग्यावर घड्याळ लावायचो. बाबांनी घरी कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त आल्या आल्या मोरीत कोपरापर्यंत हात धुवायचे, बराच वेळ. मी डिप्लोमा करून भोसरीत डिझेल इंजिनाचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणी विभागात लागले. तिथल्या हेड इन्स्पेक्टरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात प्लग गेज दिलं आणि एक बुश दिलं. मी गेज भोकात घातलं, जरा अडलं म्हणून अंगठ्यानं दाबलं. त्यांनी माझं मनगट धरलं. “दाबायचं नाही. गेज आपल्या वजनानं गेलं तर गेलं. तू दाबलंस तर तू भोक नाही मोजलंस, आपला अंगठा मोजलास.” पुढे सात वर्षं मी ते वाक्य दिवसातून शंभरदा हातानं म्हटलं.

लग्नानंतर इथे आले. व्हिसावर असणाऱ्या परदेशी माणसाला इथे बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्यानं बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर ती जवळ बाळगणंही गुन्हा. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी विमानाच्या भागांच्या एका कारखान्यात मोजमापाचं काम केलं. मग प्रेस्कॉटच्या यावापाय कॉलेजात बंदूकदुरुस्तीचा अभ्यासक्रम केला. प्रेस्कॉट डोंगरावर आहे, तिथे पाइनची झाडं आणि हिवाळ्यात बर्फ. वर्गात सगळे शेतावर वाढलेले, लहानपणापासून शिकार केलेले. मला बंदुकीतलं काही येत नव्हतं, पण मायक्रोमीटर येत होता. त्या एका गोष्टीवर मी तिथे टिकले.

तर, पहिल्या दोन रायफली, म्हणजे दाखवायच्या, आधी घेतल्या.

बोल्ट हा या रायफलीचा सर्वांत कष्टाळू भाग. त्याच्या तोंडाशी सात दात असतात. ते बॅरलच्या मागच्या तोंडात शिरून फिरतात आणि कडी लागते. स्फोटाचा दाब चौरस इंचाला ५५,००० पौंडांपर्यंत जातो. तो या सात दातांनी झेलायचा. चांगले बोल्ट कार्पेंटर १५८ नावाच्या पोलादाचे असतात, त्यांवर जास्त दाबाचं काडतूस झाडून मग चुंबकीय कणांनी भेगा तपासतात, आणि तसं केल्याची अक्षरं कोरतात. अक्षरं कोरणं सोपं आहे. चाचणी खरंच झाली का, हे माझ्या बाकावर कळत नाही, त्यासाठी विकणाऱ्याची कागदपत्रं मागावी लागतात. त्या बाईंनी प्रत्येक बोल्टाच्या खेपेचं प्रमाणपत्र फायलीत लावून पाठवलं होतं. मी वाचून माघारी पाठवलं, आणि मनात एक खूण केली.

बोल्टाच्या वाहकावर एक छोटी नळी दोन स्क्रूंनी बसवलेली असते, गॅस की. तिचे स्क्रू ढिले झाले की गॅस गळतो आणि रायफल अडायला लागते. म्हणून स्क्रूच्या डोक्यांवर बाजूचा धातू ठोकून दाबतात. त्याला स्टेकिंग म्हणतात. हे काम पाच मिनिटांचं. घाईत असलेली कंपनी नेमकं हेच टाळते, किंवा नुसता पंच टेकवून ठसा उमटवते. इथे दोन्ही रायफलींत धातू चांगला स्क्रूवर चढलेला होता. हँडगार्ड तर इतके सुंदर होते की मी ते काढून बराच वेळ हातात धरून बसले. आतली बाजू, जी कुणी कधी बघणार नाही, तीही त्यानं पुसून घ्यावी तशी साफ कापलेली होती.

शनिवारी पहाटे त्या दोन घेऊन बेन एव्हरीला गेले. फिनिक्सच्या उत्तरेचं हे मोठं सार्वजनिक नेमबाजी-मैदान राज्याचं मत्स्य आणि शिकार खातं चालवतं. उन्हाळ्यात तिथे नऊनंतर बसवत नाही. धातूला हात लावला तर चटका बसतो.

रायफलींबरोबर कंपनीनं एकेक निशाणकागद जोडला होता: शंभर यार्डांवर तीन गोळ्या, तिन्ही एका इंचाच्या आत. असे कागद मी खूप पाहिले आहेत. तीन गोळ्यांचा गट मला काहीच सांगत नाही. हे मत नाही, गणित आहे. एकाच बंदुकीनं तीन-तीन गोळ्यांचे पुष्कळ गट झाडले तर त्यांची सरासरी रुंदी दहा गोळ्यांच्या गटांच्या दोन-तृतीयांशाहूनही लहान येते, कारण कमी गोळ्यांना विखरायला संधीच कमी मिळते. त्यात पाच गटांतला सर्वांत छान निवडून जोडला, की कुठलीही साधारण रायफल इंचाच्या आत बसते. मी दहा-दहाचे तीन गट झाडते, आणि तिन्ही कागद अहवालाला लावते. त्या दिवशी ते दीड इंचाच्या आसपास आले. उत्तम म्हणावेत असे. एक इंचाची जाहिरात केली नसती तर मी नुसतं कौतुक लिहिलं असतं. जाहिरात होती, म्हणून दोन्ही लिहावं लागलं.

दुसरी गोष्ट कवचांनी सांगितली. रिकामी कवचं उजवीकडे आणि थोडी मागे पडावीत. ही पुढे उडत होती, जोरात. बॅरलला वरून एक बारीक भोक असतं. गोळी पुढे गेल्यावर त्यातून थोडा गॅस नळीनं मागे येऊन बोल्टाला ढकलतो. भोक गरजेपेक्षा मोठं केलं तर स्वस्त, कमजोर काडतुसांवरही रायफल अडत नाही, तक्रार येत नाही. पण बोल्ट दर वेळी आपटत मागे जातो, दात लवकर थकतात. लहान कंपन्या हे भोक मोठं ठेवतात, कारण गिऱ्हाइकाचा पहिला रागाचा फोन त्यांना परवडत नाही. मला हे समजतं. तरी लिहावं लागतं, कारण तो बोल्ट पाच हजार गोळ्यांनंतर कुणाच्या तरी गालाजवळ मोडणार असतो.

भाग सगळे चांगले आणि एकत्र आल्यावर वाईट, असं या रायफलीच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर एकदा घडलं आहे. व्हिएतनाममध्ये सुरुवातीच्या एम-१६ सैनिकांच्या हातात अडत होत्या. काडतुसातली दारू मूळ चाचण्यांनंतर बदलली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि ‘हिला साफसफाई लागत नाही’ अशा समजापायी साफसफाईचं साहित्यही पुरेसं दिलं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या उपसमितीनं चौकशी केली. कॉलेजात ही माहिती वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. एखाद्या कचेरीत कुणीतरी ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हटलं असेल, आणि तिकडे मुलं अडलेली रायफल हातात धरून मेली.

पुढच्या मंगळवारी मी निवडलेल्या दोन घेतल्या. तिसरी ठीक होती. तिचं स्टेकिंग पहिल्या दोघींपेक्षा जरा घाईचं, पण चालण्यासारखं. चौथीचा बोल्ट हातात घेतला.

बोल्ट बंद असताना त्याचं तोंड आणि चेंबरचा खांदा यांच्यात काडतुसाला नेमकी किती जागा मिळते, त्याला हेडस्पेस म्हणतात. ती मोजायला काडतुसाच्या आकाराची पोलादी गेजं असतात. ‘गो’वर बोल्ट बंद झालाच पाहिजे, ‘नो-गो’वर होता कामा नये. दोहोंतला फरक तीन-चार थाऊ, म्हणजे इंचाचे तीन-चार हजारावे भाग, साधारण माणसाच्या केसाएवढा. जागा जास्त झाली तर कवच मागच्या बाजूला ताणलं जातं, आणि फार ताणलं तर फाटतं. फाटलं की तो ५५,००० पौंडांचा दाब डोळ्यापासून वीतभर अंतरावर वाट शोधतो.

मी नेहमीप्रमाणे आधी बोल्टाचा इजेक्टर आणि एक्स्ट्रॅक्टर काढला. इजेक्टर ही स्प्रिंगवर बसलेली छोटी दांडी. ती गेजला सतत पुढे ढकलत राहते आणि हाताला खोटं सांगते. मग नळी जमिनीकडे करून, नो-गो आत ठेवून, वाहक अलगद सोडला. तो आपल्या वजनानं खाली गेला, फिरला आणि बंद झाला.

मी पुन्हा केलं. चेंबर पुसून पुन्हा केलं. आमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा नो-गो होता, त्यानं केलं. बंद. तिसरं गेज असतं ‘फील्ड’, वापरून झिजलेल्या रायफलीसाठीची शेवटची हद्द. त्यावर बंद झाला नाही. म्हणजे रायफल लगेच फुटणारी नव्हती. पण ती नवी होती, न वापरलेली, आणि नवी असतानाच म्हातारपणाच्या हद्दीकडे चालू लागलेली.

दुकानात पुढे कुणीतरी हसत होतं. मी दार लावून घेतलं आणि कंपनीच्या त्या माणसाला फोन केला.

आधी त्यानं वाद घातला, आणि त्याचा वाद चुकीचा नव्हता. फील्डवर बंद होत नाही ना, मग रायफल सुरक्षित आहे. गेजं बनवणाऱ्या कंपन्यांच्या मापांतही थोडा फरक असतो. लष्करी चेंबर थोडा सैलच असतो. सगळं खरं. मी म्हटलं, जुन्या रायफलीबद्दल तू हे म्हणालास तर मी मान्य करीन, पण नव्या रायफलीबद्दल नाही. मग तो म्हणाला, माझ्या बाकावर ही नो-गोवर बंद झाली नव्हती, मी प्रत्येक रायफल स्वतः तपासतो, वहीत लिहितो. त्याच्या आवाजात खोटं नव्हतं. तेव्हा मी विचारलं, “तपासताना इजेक्टर काढतोस?”

तो थांबला. “नाही.”

“आता कुठली रायफल आहे समोर?”

“दोन आहेत.”

“मग काढ आणि कर. मी थांबते.”

त्यानं फोन बाकावर ठेवला. मला पिन ठोकल्याचा आवाज आला, स्प्रिंग कुठेतरी उडून पडल्याचा, मग बायकोला काहीतरी विचारल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. पुन्हा पिन ठोकल्याचा आवाज. त्यानं फोन उचलला तेव्हा त्याचा आवाज पूर्ण बदललेला होता.

“एक ठीक आहे,” तो म्हणाला. “दुसरी बंद होतेय.”

नंतर आम्ही बराच वेळ बोललो, आणि त्या बोलण्यात सगळं उलगडलं. इजेक्टरच्या स्प्रिंगमुळे बोल्ट दोन्ही गेजांवर अडखळायचा. गो असलं की ‘बंद व्हायलाच हवं’ म्हणून तो अंगठ्यानं जरा रेटा द्यायचा. नो-गो असलं की रेटा द्यायचा नाही. बोल्ट अडखळला की वहीत ‘पास’. त्याला हे स्वतःला माहीत नव्हतं. उत्तर मनात आधी ठरलेलं असलं की अंगठा तसाच चालतो. वीस वर्षं विमानांचे भाग बनवलेला माणूस. त्याचं यंत्र अचूक होतं, हत्यारं उत्तम होती, चेंबर कापण्याचं रीमरसुद्धा चांगलं होतं, फक्त कधी ते एक केस जास्त खोल जायचं, आणि ते पकडायला ठेवलेली चाळणीच सैल होती.

मला भोसरीतला माझ्या मनगटावरचा हात आठवला. त्याला कुणी असा हात धरणारं भेटलं नव्हतं. मोठ्या कारखान्यात बनवणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा असतो, दोघांचे साहेबही वेगळे असतात, आणि त्यांच्यातल्या भांडणातूनच माल चांगला निघतो. शेडमध्ये एकटा माणूस दोन्ही असतो. रात्री दहा वाजता, उद्या पाठवणी असताना, त्यानं स्वतःशीच भांडायचं असतं. ते किती अवघड आहे, हे मोठ्या कारखान्यात नोकरी केलेल्यांना कळत नाही. मलाही ते त्या फोनपर्यंत कळलं नव्हतं.

त्या आठवड्यात रविवारी आईशी बोलले. ती या कामाबद्दल सहसा विचारत नाही. २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डीच्या शाळेत गोळीबार झाला, एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या, ते तिनं पुण्यात टीव्हीवर बघितलं. ती रायफल याच जातीची होती. तेव्हा तिनं विचारलं होतं, “अगं, तू तपासतेस ती बंदूक पुढे कुणाच्या हातात जाते, ते तुला कळतं का?”

तेव्हाही आणि आताही माझं उत्तर तेच आहे. नाही कळत. मला कळतं ते एवढंच की दुकानात ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, एफबीआयच्या नोंदींशी ताडून बघतात. आमच्या मालकांना मी दोनदा विक्री नाकारताना पाहिलं आहे, एकदा सगळी कागदपत्रं बरोबर असताना, केवळ त्या मुलाच्या बोलण्यावरून. पण माझी सही बंदुकीच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसासाठी आहे. पुढे उभ्या असलेल्यासाठी तिचा काही उपयोग नाही. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुझे बाबा म्हणूनच काही बोलायचे नाहीत.” मग दोघीही गप्प राहिलो. त्यानंतर कित्येक दिवस मी कामावरून आल्यावर हात धुताना थबकायचे.

मी हे काम सोडलेलं नाही. या राज्यात रायफल घराघरांत आहे. कुणी कोयोटींपासून कोंबड्या आणि कोकरं राखायला ठेवतं, कुणी स्पर्धेसाठी, कुणी भीतीपोटी. त्यातली भीती मला पटत नाही, पण तिच्या हातातली बंदूक तिच्याच चेहऱ्यावर फुटावी असंही मला वाटत नाही. यापलीकडे माझ्याकडे समर्थन नाही, आणि मी शोधतही नाही.

अहवाल तीन पानांचा झाला. हँडगार्ड आजपासून ठेवावेत, असे हँडगार्ड दुप्पट किमतीतही मिळत नाहीत, असं लिहिलं. सुटी बॅरल नकोत, कारण चेंबर त्यांचा आहे आणि प्रश्नही तिथेच आहे. पूर्ण रायफली नकोत. तपासणीची पद्धत बदलल्यावर, आधी विकलेल्या सर्व रायफलींची फेरतपासणी झाल्यावर, पुन्हा आणाव्यात. एक इंचाची जाहिरात काढावी किंवा दहा गोळ्यांवर सिद्ध करावी. आमच्या मालकांना तो कडक वाटला. हंगाम तोंडावर होता, त्या रायफली दिसायला देखण्या होत्या, हातोहात गेल्या असत्या. “चार थाऊंसाठी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चार थाऊंसाठी नाही, वहीसाठी. ज्या वहीत खोटा ‘पास’ लिहिला जातो आणि लिहिणाऱ्याला ते कळत नाही, ती वही बदलेपर्यंत थांबा. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि सही केली.

त्या दोघांनी विकलेल्या रायफली परत मागवल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या बाईंनी स्वतः फोन केला. आवक-जावक वहीत सगळ्यांची नोंद होतीच. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी पैसे परत मागितले. त्या वर्षी त्यांचं यंत्राचं कर्ज थकलं, हेही मला नंतर कळलं. मी फोन करून काही बोलावं असं अनेकदा वाटलं. बोलले नाही. त्या वेळी माझ्या सहानुभूतीचं त्यांनी काय करावं, ते मला सुचलं नाही.

चार महिन्यांनी, पावसाळी वादळानंतर सगळीकडे भिजलेल्या क्रिओसोटचा वास भरलेला असताना, पुन्हा खोकं आलं. या वेळी मी काही हट्ट केला नव्हता. त्यांनीच तयार मालाची पूर्ण यादी आधी पाठवून दिली होती, आणि तिच्यातले पाच अनुक्रमांक मी निवडले होते. आत चार रायफली होत्या, आणि पाच कार्डं. प्रत्येक कार्डावर अनुक्रमांक, चेंबर कापल्याची तारीख, गॅसच्या भोकाचं माप, ‘इजेक्टर व एक्स्ट्रॅक्टर काढून’ अशी ओळ आणि खाली दोन सह्या. एक त्याची, एक तिची. मोजायला तीही शिकली होती. पाचव्या कार्डावर फक्त तिची सही होती, आणि वर गोल, सावकाश अक्षरांत लिहिलं होतं: नापास, पाठवत नाही.

ते कार्ड मी बाकावरच्या भिंतीला लावलं. मग पहिली रायफल उघडली, तिच्या बोल्टाची पिन ठोकून काढली, आणि नळी जमिनीकडे धरली.